पुलापलीकडे नेलेल्या दोन कुप्या

अहो, इकडे तिकडे काय बघताय? मीच बोलतेय, ही निळी लसपेटी! जन्म प्लास्टिकच्या कारखान्यातला, भिंती जाडजूड आणि पोटात बर्फाच्या चार पिशव्या.

साथ आली आणि लस तयार व्हायच्या आधीच मोठ्या देशांनी माणशी चार-चार डोस राखून ठेवले. बसमध्ये रुमाल टाकून जागा धरतात ना, तस्सं! आमच्या छोट्या देशाला उशिरा आणि थोडीच मिळाली. सीमेवरच्या पुलापलीकडच्या देशात तर ठणठणाट होता.

तरी आमच्या लोकांनी ठरवलं, आलेल्यातली निम्मी शेजाऱ्यांना द्यायची. मला केवढा अभिमान वाटला! पण मला नेणाऱ्या नर्सताईचा चेहरा उतरला होता. तिच्या बाबांची फुप्फुसं आधीच अधू, आणि या वाटणीमुळे त्यांचा नंबर महिनाभर लांबला होता.

"बाबा, तुमच्याच वाट्याची घेऊन चाललेय," ती म्हणाली.

"मग नीट ने," बाबा खोकत बोलले. "तिथल्या नर्सच आडव्या झाल्या तर पेशंटना कोण बघणार?"

ताईनं बर्फाची एकेक पिशवी कानाशी हलवून पाहिली. आत पाणी डुचमळल्याशिवाय ती मला भरत नाही. बर्फ फार कडक असला तर लस गोठून वाया जाते, आणि घाईत माणसं इथेच चुकतात.

पलीकडच्या दवाखान्यात तिथले वीस कर्मचारी बाह्या सरसावून बसले होते. दोन कुप्या, वीस डोस. कुपी उघडली की सहा तासांत संपवायची. एकोणीस जणांचं झालं आणि विसाव्याला, तिथल्या आचाऱ्याला, नेमका ताप निघाला. त्याला थांबवलं आणि एक डोस उरला.

"तुझ्या घरी सगळ्यांचं झालं?" मोठ्या सिस्टरनी ताईला विचारलं.

"बाबा राहिलेत." तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"आपल्याकडे काय रांग कमी आहे?" तिथला कारकून पुटपुटला.

सिस्टरनी टेबलावरचा फोन ताईपुढे सरकवला. "फोन लाव गं. पुलापर्यंत येऊ देत त्यांना."

पुलाच्या मधोमध खुर्ची टाकली. बाबा धापा टाकत आले. सिस्टरनी माझ्यातली कुपी काढून सुई भरली.

आज मी कपाटावर धूळ खात पडलेय. तक्रार नाही. फक्त पुढच्या साथीत, रुमाल टाकायच्या आधी, मोठ्या देशांना माझं एवढं सांगा. दंड पुढे करण्याआधी बाबांनी विचारलं होतं, "तुमच्या लोकांना पुरली ना?"

"नाही पुरली, आजोबा," सिस्टर म्हणाल्या. "तुम्हाला तरी कुठे पुरली होती?"