दादांच्या तबकड्या

ऑफिसात दादांच्या हाताखाली चाळीस माणसं होती. निवृत्त झाल्यावर एकट्या वहिनी उरल्या. चाळीस जणांना वाटून द्यायच्या त्या सगळ्या सूचना आता एकटीच्या पदरात पडू लागल्या. कांदा केवढा चिरावा, पातेल्यावरचं झाकण किती सरकवावं, फडकं कोणत्या बाजूनं पिळावं. पहिला महिना वहिनींनी सोसलं. दुसऱ्या महिन्यात हात जोडून म्हणाल्या, "देवा, यांना काहीतरी काम दे. पगार नसला तरी चालेल."

देव भोळ्याभाबड्याचं ऐकतो म्हणतात, पण गांजलेल्याचं जरा लवकर ऐकत असावा. दादा एका प्रदर्शनाला गेले, तिथे लेथवर लाकूड कातणारा माणूस पाहिला आणि तासभर जागचे हलले नाहीत. पंधरा दिवसांत मागच्या शेडमध्ये जुना लेथ येऊन बसला.

स्टुलांचे पाय, लाटणी असलं काही करण्यात दादांना रस नव्हता. त्यांचं मन बसलं गाठींवर. झाडाला कुठे घाव लागतो, कुठे कीड लागते. मग त्या जागी झाड वर्षानुवर्षं वेडंवाकडं वाढत राहतं आणि खोडावर डोक्याएवढी गाठ धरते. बाहेरून बघवत नाही. कापली की आत डोळे, भोवरे, ढग, काय वाटेल ते. सरळ वाढलेल्या फांदीला असलं देखणेपण नाही. ज्यानं झाडं केली त्याचा हिशेब आपल्याला कसा कळावा! दादा त्या गाठीचा काप लेथवर चढवायचे, गोल पटाशी टेकवायचे, ढलप्या अंगावर उडवून घेत तबकडी कातायचे. मधे एक खळगा, कड तशीच खडबडीत, वर पॉलिश आणि मागे अडकवायला कडी. भिंतीवरची शोभा तयार.

सकाळी नऊला लेथ घुमायला लागला की वहिनी स्वयंपाकघरात गुणगुणायला लागायच्या. त्यांना तबकडीतलं काही कळत नव्हतं. लेथ चालू आहे तोवर झाकणाबद्दल कोणी बोलणार नाही, एवढं मात्र पक्कं कळत होतं.

पण तबकड्या जाणार कुठे? आपल्या घराच्या भिंती भरल्यावर दादांनी नातेवाइकांच्या भिंतींकडे मोर्चा वळवला. धाकट्या भावाला एक दिली, धाकट्या बहिणीला एक, परगावच्या थोरल्या आक्काला पार्सलनं एक. सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं. कौतुकाला दमडी पडत नाही, त्यामुळे तिथे माणसाचा हात सैल असतो.

भावानं तबकडी आठवडाभर लावली आणि कपाटामागे सरकवली. धाकटीनं ती कोणाच्या तरी गृहप्रवेशाला भेट म्हणून पुढे ढकलली. हे वहिनींना कळलं तेव्हा त्यांनी रागावण्यात वेळ घालवला नाही. त्यांनी व्यवस्था लावली. दादा कोणाकडे जायला निघाले, की ते चपला शोधेपर्यंत वहिनी न्हाणीघरातून फोन करायच्या.

"वन्सं, आम्ही निघालोय."

"अगं बाई! वहिनी, माझ्याकडे कुठंय ती?"

"भावजींची मागवून घ्या. मी यांना वाटेत फळांच्या दुकानात अडकवते."

मग भाऊ स्कूटरवरून तबकडी घेऊन धाकटीकडे पळायचा. दादा आत शिरेपर्यंत ती खिळ्यावर झुलत असायची, कधी कधी खरोखरच झुलत. दादा सोफ्यावर बसून तिच्याकडे बघायचे आणि त्या घरचा चहा त्यांना गोड लागायचा. हे वर्षभर बिनबोभाट चाललं. आख्खं खानदान वहिनींच्या मनःशांतीसाठी खोटं बोलत होतं. खोटंच ते, पण घरोघरी इतकं मन लावून बोललेलं खोटं विरळाच.

एका रविवारी दादांचा चष्मा बदलून आला. नवा चष्मा लावून ते धाकटीकडे गेले, तबकडीसमोर उभे राहिले आणि उभेच राहिले.

"ही भाऊची आहे."



"छे छे, दादा, माझीच ती," धाकटी म्हणाली.

"तुझ्या गाठीत सगळे भोवरे कडेला होते. हिला इथे भेग होती, मी काळी लांबी भरून ती बुजवली. ही भाऊची."

इथे धाकटीनं गप्प बसायला हवं होतं. चोरी उघडी पडली की माणसानं मान खाली घालावी; समजावायला जाऊ नये. धाकटी समजावायला गेली.

"अहो दादा, असेल बदलली. त्यात काय एवढं? सगळ्या सारख्याच तर आहेत!"

"सारख्याच?" दादा म्हणाले. दोन्ही तबकड्या फेकून दिल्या असत्या तरी त्यांचा चेहरा इतका उतरला नसता.

घरी येऊन त्यांनी लेथवर जुनी चादर टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ते स्वयंपाकघरात स्टूल घेऊन बसले.

"एवढं तेल?"

वहिनींच्या हातातली पळी थांबली.

आठवड्याभरात दादांनी डबे उंचीप्रमाणे लावले. मग ते पटेना म्हणून वापराप्रमाणे लावले. मीठ कुठे आहे हे घरात फक्त दादांना माहीत होतं, आणि ते विचारल्यावरच सांगायचे. वहिनींनी दार लावून दोन फोन केले.

"भावजी, हे फार उदास झालेत. हवापालट हवा. महिनाभर तुमच्याकडे पाठवते, पुढचा महिना वन्संकडे."

"वहिनी, असं काय करताय! आम्ही आज येतोच."

दोघं आले ते ओवाळायलाच निघाल्यासारखे.

"दादा, भिंत कशी ओकीबोकी दिसते," भाऊ म्हणाला. "एक तबकडी द्याच."

"दोन द्या," धाकटी म्हणाली. "घर भरल्यासारखं वाटतं हो तुमच्या कलेनं!"

दादांनी मान वर केली. डोळ्यांत किंचित उजेड आला. "कुठली हवी?"

"कुठलीही!" दोघं एका सुरात म्हणाले.

उजेड गेला. दादा स्टुलावर परत बसले आणि वहिनींना म्हणाले, "गॅस बारीक कर."

वहिनींनी आशा सोडली होती, तेवढ्यात परगावहून आक्का आली. तिला डोळे दाखवायचे होते आणि डॉक्टर इथले चांगले. जिभेला हाड नसणारी बाई. तिनं पिशवीतून कपडे काढायच्या आधी तबकडी काढली आणि दादांच्या मांडीवर ठेवली.

"ही घे तुझी परत."

वहिनींनी डोळे मिटले. उरलंसुरलं आता संपलं.

"का? आवडली नाही?" दादांनी विचारलं.

"नाही. माझ्या पलंगासमोर लावली होती. रोज उठल्या उठल्या बघते. भिंतीला फोड आल्यासारखं दिसतं."

"फोड?"

"मधे हा खळगा कशाला पाडलास? इतकी सुंदर नक्षी आणि नेमकी मधली तूच खरवडून काढलीस! आणि डाव्या बाजूला घासायचा कंटाळा केलायस."

"कंटाळा? आक्का, चार वेगवेगळ्या नंबरांचे पॉलिश पेपर मारलेत मी!"

"हात फिरव."

दादांनी बोट फिरवलं. डावीकडे एका भोवऱ्यापाशी ते अडकलं. त्यांनी पुन्हा फिरवलं. मग तबकडी खिडकीपाशी नेऊन तिरपी धरली.

"इथे पटाशीनं लाकडाच्या रेषा उचकटल्यात," ते पुटपुटले. "गाठीत रेषा चारी दिशांना पळतात गं. एकीकडून गुळगुळीत केलं तर दुसरीकडे उपटतात."

"ते मला काय सांगतोस? लाकडाला सांग."

"खळगा नसता तर ती सपाट दिसली असती!"

"मग दिसू दे सपाट. एकदा करून तर बघ, ठोंब्या. का भाऊनं वा वा म्हटलं की झालं तुझं?"

दादा लालबुंद झाले. आठवडाभर कोणी त्यांच्याशी भांडलं नव्हतं. सगळे आजारी माणसाशी बोलावं तसं बोलत होते. "फोड म्हणते!" असं म्हणत ते उठले, तबकडी काखेत मारली आणि मागच्या दारानं गेले. जाताना स्टुलाला लाथ लागली, तेही त्यांनी सरळ केलं नाही.

शेडमध्ये चादर झटकल्याचा आवाज आला. मग थोडी खुडबुड, एक शिवी, आणि लेथ घुमायला लागला.

वहिनींनी आधी तेलाची बाटली घेतली आणि कढईत मनसोक्त ओतली. मग आक्काजवळ येऊन बसल्या. हळूच विचारलं,

"आक्का, आणखी काही चुका आहेत का हो तिच्यात?"

"पुष्कळ आहेत. कड बघितलीस ना? आणि कडी तर इतकी—"

"सांगू नका!" वहिनींनी तिचा हात घट्ट धरला. "एकदम सांगू नका. महिन्याला एक सांगा."