गाडीचा खण

मंगलनं बटण दाबलं. गाडीखालून मोटरीचा घुर्र असा आवाज आला, भिंत बोटभर हलल्यासारखी वाटली आणि सगळं थांबलं. तिनं पुन्हा दाबलं. या वेळी नुसताच कट्ट असा आवाज झाला.

"बॅटरी उतरली आसंल," बाहेर मेंढरं कोंडायच्या जाळीच्या, वाघरीच्या मेखा ठोकत तिची सासू तानुबाई म्हणाली.

बॅटरी उतरली नव्हती. आतला दिवा चांगला लागत होता.

गाडी म्हणजे चाकांवरची एक लांबोडकी पत्र्याची खोली. मंगलचा धाकटा दीर सूरज मुंबईत नटनट्यांच्या व्हॅनिटी गाड्या दुरुस्त करायच्या कामाला होता. तिथली एक जुनी, मागं जोडून ओढायची गाडी मोडीत निघाली, ती त्यानं मालकाकडून मागून घेतली आणि म्हसवडला आणली. बटण दाबलं की तिची एक अख्खी बाजू बाजेसकट बाहेर सरकायची आणि आत माणसांना वावरायला खोली तयार व्हायची. पहिल्यांदा ते बघून तानुबाई म्हणाली होती, "ह्यो तर टेबलाचा खण हाय की." तेव्हापासून घरात सगळे त्याला खणच म्हणत.

गाडी आणली होती ती मंगलच्या नवऱ्यासाठी, भाऊसोसाठी. पन्नाशी गाठायच्या आत त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. सारखं सांगलीला जाऊन मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं, तर मेंढरं कोण राखणार? दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दुसरा मार्ग सांगितला. पोटात एक नळी बसवायची, तिच्यातून औषधाचं पाणी आत सोडायचं, काही तासांनी ते काढून नवं सोडायचं. हे घरच्या घरी करता येतं. फक्त खोली बंद आणि स्वच्छ पाहिजे, आणि हात धुवायला वाहतं पाणी पाहिजे. आज या रानात तर उद्या त्या रानात मुक्काम करणाऱ्या धनगराला हे पालात कसं जमायचं? सूरजच्या गाडीनं ते जमवलं. दिवाळीनंतर भाऊसो माण तालुक्यातून मेंढरं घेऊन तासगावकडं उतरायचा. ज्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसायची त्याचा ट्रॅक्टर गाडी ओढून न्यायचा, आणि त्या खणात मंगल नवऱ्याच्या पोटातलं पाणी बदलायची.

पाण्याच्या पिशव्या बाजेखालच्या कपाटात असत. खण आत ढकललेला असला की बाज समोरच्या ओट्याला येऊन भिडायची आणि कपाटाचं दार उघडायला जागाच राहायची नाही. म्हणून मुक्काम हलवायच्या आधी मंगल दोन पिशव्या काढून पुढं ठेवायची. पण काल आभाळ एकाएकी भरून आलं, ज्यांच्या रानात जायचं होतं त्या हंबीररावांचा ट्रॅक्टर वेळेआधीच येऊन उभा राहिला आणि पाल गुंडाळायच्या गडबडीत ती पिशव्या काढायची विसरली. नव्या रानात पोचेपर्यंत अवकाळी पाऊस सुरू झाला. चिखलात गाडी एका अंगाला कलली. कललेल्या गाडीत खण उघडायचा नाही असं सूरजनं बजावलेलं होतं, म्हणून रात्र तशीच काढली. सकाळी चाकाखाली दगड घालून गाडी सरळ केली, आणि आता खण उघडत नव्हता.

भाऊसो दाराजवळच्या बाकावर बसून होता. त्याला आडवं होववत नव्हतं. पाय सुजून चपला पायात जात नव्हत्या, तोंडही सुजलं होतं.

"हुईल," तो म्हणाला. "जरा थांबून दाब." एवढं बोलूनच त्याला धाप लागली.

मंगलचं लक्ष आपल्या पायांकडं गेलं. तळवे ओले झाले होते. तिला वाटलं पाऊस आत आला. तिनं ओट्याखालचं झाकण काढलं तर टाकीकडून नळाकडं जाणारी नळी सांध्यातच तुटली होती. टाकीतलं सगळं पाणी रात्रभर जमिनीवर वाहून गेलं होतं, आणि खणाखालचं प्लायवूड भिजून टरारून फुगलं होतं. त्या फुगवट्यावरच खण अडला होता.

तिनं सूरजला फोन लावला. काय झालं ते सांगितलं.

"वयनी, मोटर आता दाबू नका, जळंल," तो म्हणाला. "गाडीखाली मोटरीच्या दांड्याला एक पिन हाय. ती काढली की दातं मोकळी हुत्यात. मग खण ढकलून जाईल. पर दोन्ही अंगांनी सारखाच ढकला. तिरका गेला तर रूळ वाकंल."

"आन् प्लाय?"

"दाबून गेला तर गेला. मी निघतोय, पर मला पोचायला सांज हुईल."

सांज होईपर्यंत वाट बघायची का, हे तिला कळेना. तिनं सांगलीला दवाखान्यात फोन केला. तिथल्या उत्कर्षा सिस्टरनं तिला हे सगळं शिकवलं होतं.

"धाप लागतेय का?"

"व्हय."

"मग घेऊनच या त्यांना. ताबडतोब."

मंगल चिखलातून हंबीररावांच्या बेदाण्याच्या शेडकडं पळाली. हंबीरराव फौजेतून निवृत्त झालेले, सरळ माणूस. चार गड्यांना घेऊन ते शेडच्या वाऱ्याच्या बाजूला ताडपत्र्या ओढत होते. जाळ्यांवर वाळत टाकलेली द्राक्षं भिजत होती, आणि त्यांचा आवाज ओरडून बसला होता.

"नाना, ह्यांस्नी सांगलीला न्यायचंय. गाडी द्या."

हंबीररावांनी ताडपत्री सोडली. "पिकअप काल पल्याड गेली ती तिकडंच अडकली. ओढ्याच्या फरशी पुलावरनं पाणी चाललंय ताई, कमरेएवढं. मी पहाटंच बघून आलोय. ॲम्ब्युलन्सबी न्हाई यायची."

"ट्रॅक्टर?"

"ट्रॅक्टर वाहून जाईल."

तिनं तिथंच उभं राहून सिस्टरला परत फोन केला. फरशीवरून पाणी चाललंय असं सांगितलं.

"मग पिशव्या काढा," सिस्टर म्हणाली. "कसंही करून काढा. पाणी अजिबात प्यायला देऊ नका. त्यांना बसतंच ठेवा. रस्ता मोकळा झाला की लगेच इकडं या."

हंबीररावांनी शेडकडं एकदा बघितलं, गड्यांना दोन शब्द सांगितले आणि ट्रॅक्टरचा जॅक खांद्यावर घेऊन ते तिच्यामागं निघाले.

मंगल गाडीखाली चिखलात उताणी झोपली. पिन गंजली होती. मेखा ठोकायच्या हातोड्याचे पहिले घाव नुसतेच निसटले, एक अंगठ्यावर बसला. नख काळं पडलं. वरून पाणी थेट डोळ्यांत पडत होतं आणि तिला रडू येत होतं. पण हात थांबवायला तिच्याकडं वेळ नव्हता. शेवटी पिन हलली, मग निघाली.

आत येऊन तिनं, तानुबाईनं आणि हंबीररावांनी मिळून बाजेला रेटा दिला. खण ढिम्म हलला नाही. हंबीररावांनी जॅक ओटा आणि बाजेची चौकट यांच्यामध्ये आडवा बसवला आणि दांडा हाणायला लागले. ओट्यामागची भिंत कडाकडा वाजली. खणाची एक कड वीतभर पुढं गेली, दुसरी जागची हलली नाही.

मंगलनं सूरजला परत फोन लावून ठेवला होता, व्हिडिओवर त्याला खण दिसत होता. "थांबा नाना," सूरज म्हणाला. "तिरका चाललाय. रूळ वाकला तर तो परत कुणाच्या बापाला हलायचा न्हाई."

जॅक दुसऱ्या कडेला लावला. तिथं तर प्लायचा फुगवटा वर आलेला. जॅक घसरला आणि हंबीररावांच्या मनगटाला लागला. ते मटकन खाली बसले.

मंगलनं तानुबाईच्या बोचक्यातून कुऱ्हाड काढली. मेंढरांना पाला तोडायची, लांब दांड्याची.

"काय करताय वयनी?"

"प्लाय तोडतीया."

"न्हाई. खालनं वायरी गेल्यात. पंपाची, दिव्याची, समदी. तोडलं तर गाडीत काय सुदीक चालायचं न्हाई."

"मंगल," भाऊसो बाकावरून म्हणाला. त्यानं एक श्वास घेतला, मग दुसरा. "राहू दे. सूरज येईल."

तिनं त्याच्याकडं बघितलं. त्याचे ओठ निळसर दिसत होते. तिनं कुऱ्हाड उचलली. चार-सहा घावांत दिवा गेला, पण ती थांबली नाही. ओल्या लाकडाच्या ढलप्या बाजेवर, भांड्यांत, सगळीकडं उडाल्या. फुगलेली पट्टी निघाल्यावर हंबीररावांनी एका हातानं जॅक दाबला आणि खण कुरकुरत बाहेर सरकला. सरकताना वरचं रबर फाटलं आणि पावसाची धार आत आली. मंगलनं आधी कपाट उघडलं. पिशव्या कोरड्या होत्या.

नळाचं काम अजून बाकी होतं. हंबीररावांनी शेडमधून ठिबकच्या नळीचा तुकडा आणि जोड आणले. नळीचं तोंड गरम पाण्यात धरून मऊ केलं की जोड आत बसतो, हे द्राक्षबागेत सगळ्यांनाच माहीत असतं. जोड बसला, वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधली. पंप बंद पडला होता म्हणून तानुबाईनं उकळून निवलेलं पाणी कॅनमध्ये भरलं, कॅन ओट्यावरच्या फळीवर चढवला, आणि नळाला बारीक धार आली.

मंगलनं बाज पुसली, ढलप्या झाडून काढल्या, फाटलेल्या रबरावर बेदाण्याच्या शेडचं प्लॅस्टिक ताणून लावलं. पुन्हा पुसलं. तरी हवेत भुश्याचा वास होता आणि एका कोपऱ्यातून पाणी ठिबकत होतं. सिस्टर तिला शिकवताना म्हणाली होती, खोलीत घाण असेल तर नळीला हात लावायचा नाही. मंगलनं तोंडाला फडकं बांधलं, साबणानं कोपरापर्यंत हात धुतले. ठेचलेला अंगठा झोंबत होता. तिनं त्यावर हातमोजा चढवला आणि नळी जोडली.

जुनं पाणी बाहेर आलं, नवं आत गेलं. दुपारी परत बदललं. संध्याकाळी भाऊसो उशीला टेकून थोडा झोपला. सूरज आला तो फरशीच्या पल्याडच अडकला. पाणी सकाळी उतरलं. सिस्टरनं लगेच यायला सांगितलं होतं, पण भाऊसोची सूज उतरत होती आणि तो म्हणाला, "आता बरं हाय. दवाखाना नगं." मंगललाही तेच ऐकायचं होतं.

तिसऱ्या दिवशी त्याच्या पोटात कळा सुरू झाल्या. बाहेर काढलेल्या पाण्याची पिशवी तिनं पेपरावर धरली. पाणी साफ असलं तर त्यातून खालची अक्षरं वाचता येतात, असं सिस्टरनं शिकवलं होतं. तिला मोठ्या अक्षरांतली बातमीसुद्धा वाचता आली नाही. पाणी ताकासारखं गढूळ होतं.

सांगलीत त्यांनी पिशवीतूनच औषधं दिली. पाणी स्वच्छ होईना, तेव्हा पोटातली नळी काढून टाकली आणि मानेत दुसरी नळी घालून त्याला मशीनवर घेतलं. डॉक्टर मंगलला बाहेर नेऊन म्हणाले, "जंतुसंसर्ग झालाय. तुम्ही त्या दिवशी पाणी बदललं नसतं तर ते वाचले नसते, हेही खरं आहे. महिना-दीड महिन्यानं नवी नळी बसवू. पण खोली गळकी नको. परत असं झालं तर पोट या उपचाराला कायमचं निकामी होईल."

ती व्हरांड्यात बाकावर बसून राहिली. त्या दिवशी काय करायला हवं होतं, हे तिनं मनात कितीदा उलटसुलट करून बघितलं. दुसरं काही सापडलं नाही, आणि त्यानं तिला बरंही वाटलं नाही.

सूरज रजा काढून गाडीवर राहिला होता. त्यानं कुजलेली जमीन उपटून लोखंडी पत्रा बसवला, वायरी नव्या ओढल्या. मंगल दवाखान्यातून आली की त्याच्या हाताखाली राबायची. नळाची सगळी नळी तिनं स्वतः बदलली, एकेक सांध्यावर फडकं धरून ठिबकतंय का बघितलं. शेवटी खणाचं रबर राहिलं.

"नवं रबर आणतो," सूरज म्हणाला. "पर वयनी, रूळ थोडा वाकलाय. खण आत-बाहेर केला तर कवातरी गळणारच."

"मग आत घ्यायचाच न्हाई," मंगल म्हणाली. "बाहेरच ठेवून जाम कर. वेल्डिंग मार."

"मग गाडी हलायची न्हाई. मेंढरांमागं कशी जाणार?"

"न्हाई जाणार."

हे भाऊसोला तिनंच जाऊन सांगितलं. मशीन चालू होतं. तो छताकडं बघत होता.

"मेंढरं सोडून मी काय करू?" तो म्हणाला. "तुला काय वाटतं, जिता राहायसाठीच मी एवढा खटाटोप केला?"

"मला जिताच पायजे," ती म्हणाली. "बाकीचं मला ठावं न्हाई."

त्यानं मान दुसरीकडं वळवली. त्यानंतर तो तिच्याशी बोलेनासा झाला. औषध दिलं की घ्यायचा, उठायला हात दिला की धरायचा, पण बोलायचा नाही.

हंबीररावांनी शेडच्या मागची जागा दिली. "सगळा बेदाणा काळा पडला औंदा," ते म्हणाले. "शेड मोकळीच हाय. पायजे तवर ऱ्हावा." सूरजनं खणाच्या चारी बाजूंनी पट्ट्या मारून तो कायमचा जाम केला आणि फटी बुजवल्या. मग त्यानं मुंबईला मालकाला फोन करून सांगितलं की पाऊसकाळ संपेपर्यंत तो येणार नाही.

नवी नळी बसवून भाऊसोला आणलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मेंढरं माणाकडं निघाली. पुढं सूरज, मागं घोड्याचा लगाम धरून तानुबाई. भाऊसो शेडच्या टोकापर्यंत चालत गेला. कोणती मेंढी वाट सोडते, कोणत्या रानात काय फवारलंय, रानात बसायला कुणाला विचारायचं, हे तो सूरजला सांगत राहिला. सूरज प्रत्येक गोष्टीला व्हय दादा, व्हय दादा म्हणत होता. तानुबाईनं लेकाच्या तोंडावरून हात फिरवला आणि ती मागं न बघता चालायला लागली.

कळप दिसेनासा झाल्यावर भाऊसो आत येऊन बाजेवर बसला. मंगलनं दार लावलं, पंखा बंद केला, नळाखाली हात धुतले आणि दोघांच्या तोंडाला फडकं बांधलं. नळी जोडली. पाणी पिशवीत उतरत होतं. तिनं पिशवी पेपरावर धरली आणि पहिल्या ओळीपासून वाचून बघितलं.

"कसं हाय?" त्यानं विचारलं. कितीतरी दिवसांनी तो तिच्याशी आपणहून बोलत होता.

"साफ हाय."

त्यानं बंद दाराकडं बघितलं.

"आता कुठवर गेली आसतील गं?"

"लांब न्हाई अजून," ती म्हणाली आणि नव्या पिशवीची कळ सोडली.