पातेल्यातले ब्रेक

मेहुण्याचे ते भाऊजी. पण मेहुणा इतक्या खणखणीत आवाजात हाक मारायचा, की हळूहळू सगळ्या गल्लीचेच भाऊजी झाले. वजनमापे खात्यात जन्मभर दुसऱ्यांचे तराजू तपासून झाल्यावर, निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी जीप घेतली. चारही चाकांनी ओढणारी, वयाने भाऊजींहून थोडी लहान आणि दुखण्यांनी बरीच मोठी. घरी आली तीही दुसऱ्या गाडीच्या पाठीवर बसून.

"हिला चालवायचं आहे की पोसायचं?" बायकोने विचारलं. त्याचं उत्तर अजून मिळालेलं नव्हतं.

दर शनिवारी-रविवारी मेहुणा यायचा. तो दातांचा डॉक्टर. दवाखाना बंद केला होता, पण हत्यारं घरी आणली होती. कार्बोरेटरची बारीक भोकं तो दात कोरायच्या सुईने साफ करी, इंजिनाखाली दांडीचा छोटा गोल आरसा घालून बघे, आणि बॉनेट उघडताना सवयीने म्हणे, "मोठा आ करा." भाऊजी टॉर्च धरायचे. टॉर्च धरण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता.

घरातलं दुधाचं मोठं पातेलंही याच कामी आलं होतं. त्यात ब्रेकचे सुटे भाग रॉकेलमध्ये भिजत पडले होते. "आधी ती चालू तर होऊ दे, थांबवायचं मग बघू," असं दोघांचं ठरलं होतं.

मेहुण्याची बायको गेली, तेव्हापासून त्याचा मुलगा मागे लागला होता. बाबा, एकटे राहू नका, इकडे माझ्याकडे या. हे 'इकडे' विमानाने जायच्या अंतरावर होतं. त्याला वाईट वाटू नये म्हणून मेहुण्याने सांगून ठेवलं होतं, "भाऊजींची जीप नीट झाली की येतो." ती जीप पाहिलेल्या कोणालाही हा साफ नकार आहे हे कळलं असतं. मुलाने ती पाहिलेली नव्हती. त्यामुळे तो दर रविवारी फोन करून आधी जीपची तब्येत विचारायचा, मग बापाची.

आणि या शनिवारी घात झाला. टाकी गळायची थांबली, नवे प्लग बसले आणि इंजिनात दुरुस्त करण्यासारखं काही उरलंच नाही. दोघं चिंध्यांनी हात पुसत उभे राहिले. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

"उद्या सकाळी चावी फिरवू," मेहुणा म्हणाला.

"हो, फिरवायलाच हवी," भाऊजी म्हणाले.

त्या रात्री भाऊजींना जेवण गेलं नाही. जीप सुरू झाली की मेहुणा जाणार. शब्दाचा पक्का माणूस. अशांनी शब्द जपून द्यावा, एवढं मात्र त्याला कळलं नव्हतं. मग रविवारी टॉर्च कोणासाठी धरायची?

सकाळी मेहुणा आत चहा पीत असताना भाऊजी हळूच अंगणात आले. खोटी वजनं पकडण्यात हयात गेलेला माणूस आज पहिल्यांदाच स्वतः माप मारायला निघाला होता. प्लगच्या चार वायरी ओळीने उभ्या होत्या. मधल्या दोन उपसून त्यांनी एकमेकींच्या जागी खोचल्या. आता ठिणगी पडणार, पण भलत्याच वेळी. इंजिन खोकेल, शिंकेल, पण सुरू म्हणून व्हायचं नाही. बॉनेट लावून ते साळसूदपणे आत गेले आणि त्यांनी चहा मागितला. मेहुणा मात्र उठला. "जरा टायरची हवा बघतो," म्हणत तो बाहेर गेला.

थोड्या वेळाने बायको पदर खोचून जीपच्या मागच्या बाकावर येऊन बसली. "आज फाटकापर्यंत तरी गेल्याशिवाय मी उतरणार नाही."

भाऊजींनी निर्धास्त मनाने चावी फिरवली.

जीप सुरू झाली.

खोकली नाही, शिंकली नाही. पोटभर झोप झालेल्या माणसासारखी उठली आणि गुरगुरायला लागली. भाऊजींनी दचकून शेजारी पाहिलं. मेहुण्याचा चेहरा चांगला दात उपटून हातात आल्यासारखा झाला होता.

"हे कसं शक्य आहे?" तो पुटपुटला. "मी स्वतः मधल्या दोन वायरी उलट्या..."

"मधल्या दोन?" भाऊजी म्हणाले. "अरे, त्या तर मी..."

एकाने केलेला बिघाड दुसऱ्याने तितक्याच मन लावून दुरुस्त केला होता. इतक्या वर्षांत त्यांनी मिळून केलेलं हे पहिलं निर्दोष काम.

"तू का केलंस पण?"

मेहुणा समोरच्या काचेकडे बघत राहिला. "तिकडे भाऊजी म्हणून हाक मारायला मला कोण आहे?"

भाऊजींना यावर काहीतरी बोलायचं होतं. त्या गडबडीत क्लचवरचा पाय सुटला आणि जीप निघाली. त्यांनी ब्रेक दाबला. पाय थेट तळाला टेकला. ब्रेक मोरीत, पातेल्यात होते. जीप सावकाश, कोणाचंही न ऐकता उतारावरून गेली आणि फाटकाशेजारच्या झुडपात नाक खुपसून बंद पडली.

"फाटकापर्यंत आले बाई एकदाची," बायको म्हणाली.

तेवढ्यात मेहुण्याचा फोन वाजला. त्याने तो मागे बहिणीच्या हातात दिला.

"हो रे, आत्या बोलतेय. झाली ना, सुरू झाली. येतील की, तुझे बाबा शब्द मोडायचे नाहीत. पण नीट झाली की, असं ठरलं होतं ना? मग नीट होऊ दे. आम्ही आत्ता झुडपात बसून बोलतोय... नाही, लागलं नाही कोणाला. किती दिवस ते मी कसं सांगू, ब्रेक अजून भिजतायत. त्यानंतर पुढची चाकं, ती ओढायला लावणारा दांडा तर अजून जागचा हललेला नाही. बापाची एवढी आठवण येते तर तूच ये ना चार दिवस. आणि हे बघ, येताना एक मोठं पातेलं आण."

ती फांद्या बाजूला सारत खाली उतरली. चाकांमागून एक छोटा गोल आरसा उन्हात चमकला.

"भाऊजी," जीपखालून खणखणीत हाक आली, "टॉर्च जरा डावीकडे."