वालूरच्या दुकानातला समुद्र

मित्रांनो, मी एक जुना काचेचा हौद आहे. आज माझ्या पोटात उडदाचे पापड भरले आहेत, पण म्हणून मला पापडाची बरणी समजाल तर खबरदार! मी समुद्र होतो. थट्टा नाही, खरंच सांगतो. ज्या गावात ओढ्याला पाणी आलं तरी लोक नारळ घेऊन काठावर पळतात, त्या वालूर गावात मी निजामाच्या राज्यात चांगली काही वर्षं समुद्र म्हणून नांदलो.

माझा जन्म मुंबईचा. चार बाजूंना जाड काच, सागवानी चौकट आणि सांध्यांत राळेचा लेप. ज्या साहेबानं मला बनवून घेतलं तो न्यायलाच आला नाही. मी कारागिराच्या दारात धूळ खात पडलो होतो. तेवढ्यात सरकीच्या सौद्याला आलेले वालूरचे गुरुपादअप्पा तिथून चालले होते. मुंबईहून गावाकडे जाताना माणूस काहीतरी नेतोच. कुणी छत्री नेतो, कुणी कंदील नेतो. अप्पांनी समुद्र न्यायचा ठरवला.

बंदरावरच्या एका म्हाताऱ्या कोळ्यानं लाकडी पिपांत समुद्राचं पाणी भरून दिलं आणि खडकातल्या डबक्यातून एक मासा धरून दिला. पिवळाधमक, अंगावर काळे पट्टे, आणि ऐट अशी की सगळं बंदर याच्याच बापाचं. निघताना कोळ्यानं तीन गोष्टी सांगितल्या. पाणी आटतं पण मीठ आटत नाही, म्हणून जेवढं आटेल तेवढं गोडच पाणी घाला, मिठाचं नको. पाणी हलतं ठेवा, नाहीतर मासा गुदमरेल. आणि तिसरी, तांब्या-पितळेचं काही या पाण्याला लावू नका. अप्पांनी जोरजोरात मान हलवली. ज्याची मान इतकी जोरात हलते त्याच्या डोक्यात काही टिकत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

वाटेत करोडगिरीचा नाका लागला, म्हणजे निजामाच्या हद्दीतली जकातीची चौकी. नाकेदारानं पिपात बोट बुडवून चाटलं आणि तोंड वाकडं केलं. "अरे, ये तो नमक है! पानी में छुपाको लारे?"

"साहेब, चोरूनच न्यायचं असतं तर सोबत मासा कशाला घेतला असता?" अप्पा घामाघूम झाले.

नाकेदारानं माशाकडं पाहिलं. माशानं नाकेदाराकडं पाहिलं, आणि नजर काही खाली घेतली नाही. "वाह! पट्टे देखो! ये तो जमादार है!" असं म्हणून त्यानं हसत हसत माशाला सलाम ठोकला आणि आम्हाला सोडून दिलं. माशाला नाव मिळालं, पण त्या गडबडीत अप्पांची तिसरी गोष्ट नाक्यावरच राहिली. घराच्या पुढच्या भागातल्या आपल्या दुकानात मला मांडल्यावर ते म्हणाले, "दोन गोष्टी ध्यानात हायेत. तिसरी बी काहीतरी होती. चांगली होती." मी सगळं ऐकलं होतं. पण हौदाचं तोंड म्हणजे नुसतं भोक, त्यातून शब्द थोडेच निघतात!

अप्पांचं घर शिवभक्तांचं, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म. कांदा चिरला तरी दार लावून घेणारं घर. त्यात मासा आला म्हटल्यावर अप्पांच्या आई शांतम्मा कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "अगं बया! आपल्या घरात मासा?"

"पाळायला आणलाय अव्वा, खायला न्हाई."

"पाळायला म्हैस असती!"

पण जमादारनं काचेला नाक लावून त्यांच्याकडं असं काही पाहिलं की म्हातारी विरघळली. त्याच्या पोटाची सोय अप्पांच्या बायकोनं, उमादेवींनी केली. त्या खिडकीतल्या उन्हात ओले दगड ठेवत, त्यांवर शेवाळ धरलं की तो दगड माझ्यात सोडत. जमादार शेवाळ खरवडून खाई. कधी एखादी माशी पाण्यात पडे आणि गायब होई. तेव्हा शांतम्मा भिंतीकडं तोंड करून म्हणत, "आपुन घालीत न्हाई. त्याला त्याचं गावलं तर आपुन बघितलं न्हाई."

उमादेवी बाई फार हुशार. मूळच्या समुद्राच्या पाण्यात त्यांनी अत्तराची एक रिकामी कुपी वाळू घालून तरंगवली आणि जिथवर ती बुडाली तिथं दोरा बांधला. दोरा पाण्याखाली गेला की मीठ कमी, दोरा पाण्याच्या वर आला की मीठ जास्त. झालं मीठ मोजायचं यंत्र! पाणी हलतं ठेवायला त्यांनी माझ्यावर मातीचं एक मडकं टांगलं. त्याच्या बुडाला बारीक भोक. आत वाळू आणि धुतलेला कोळसा. रोज माझंच पाणी काढून त्या मडक्यात ओतत आणि ते गाळून, थेंब थेंब होऊन परत माझ्यात पडे. त्या आवाजानं मला तर डुलकीच लागायची.

आणि तिथंच घोटाळा झाला. कारण मित्रांनो, थेंब थेंब गळणारं मडकं आपल्याकडं कुठं असतं? महादेवाच्या पिंडीवर!

शेजारच्या मळ्यातल्या कडूबाई दुकानात गूळ घ्यायला आल्या आणि माझ्यापुढं थबकल्या. "शांतम्मा, गळती लावली, पर पिंड कुठं हाय?"

"पिंड न्हाई गं. समुद्र हाय त्यो."

कडूबाईंनी थोडा विचार केला. मग त्यांचे डोळे मोठे झाले. "म्हंजी आपली गंगामाय बी शेवटी हितंच येती की! समद्या नद्या हितंच येत्यात!" त्यांनी चप्पल काढली, ओंजळभर पाणी घेतलं आणि प्यायल्या. "लय खारट हाय!"

"पुण्य काय गोड असतंय व्हय?" शांतम्मा म्हणाल्या.

कडूबाईंना ते पटलं. गंगाखेडला गोदावरीत टाकतात तसा त्यांनी कनवटीचा तांब्याचा पैसा काढून माझ्यात टाकला आणि हात जोडले. मी आतल्या आत ओरडलो, "तांबं! अहो, तांबं!" पण ऐकतो कोण!

पुढच्या सोमवारी दुकानापुढं रांग लागली. शांतम्मा पाटावर बसून पळीनं तीर्थ वाटू लागल्या. दुकानाच्या मागच्या खोलीत, चुलीच्या धुरात ज्या बाईचा जन्म गेला, तिच्या आता गावोगावच्या बायका पाया पडत होत्या. ती नवं लुगडं नेसून बसायची, आवाजही जरा जड करायची. मला राग यायला हवा होता, पण खरं सांगतो, तिच्या तोंडावरचा आनंद बघून मला बरंच वाटायचं. फक्त प्रत्येक माणूस जाताना एक तांब्याचा पैसा माझ्यात सोडून जायचा, आणि माझ्या तळाशी तांब्याचा थर वाढत चालला होता.

जमादार आजारी पडला. त्याचा पिवळा रंग उतरला, तो कोपऱ्यात पंख मिटून धापा टाकू लागला. उमादेवींनी कुपी सोडून पाहिली, मीठ बरोबर. गळती पाहिली, तीही बरोबर. "आत्याबाई, ह्यो मरायलाय हो," त्या रडत म्हणाल्या.

"दृष्ट लागली असंल," म्हणून शांतम्मांनी मीठ-मोहऱ्या-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. सगळं दुकान खोकून खोकून बेजार झालं. अप्पा रस्त्यावर पळाले, गिऱ्हाइकं पळाली. जमादार तेवढा हलला नाही.

मग सोमवार आला. रांग लागण्याआधी उमादेवी तळाशी कुजलेलं एक पान काढायला गेल्या, तर पानासोबत एक पैसा वर आला. त्यावर हिरवा थर चढला होता. शांतम्मांनी तो हातात घेतला, हुंगला, आणि त्यांचा चेहराच बदलला. मित्रांनो, ही बाई भांड्यांच्या कल्हईबाबत अशी कडक की कल्हई उडालेल्या पातेल्यात कुणी आमटी ठेवली तर घर डोक्यावर घ्यायची. तांब्या-पितळेत आंबट-खारट ठेवलं की ते कळकतं, अंगाला बाधतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

"उमे! ह्ये कळकलंय!" ती ओरडली. "मिठाच्या पाण्यात तांबं! अगं, समदं पाणी इखारी केलंय आपुन!"

"तांबं!" अप्पांनी कपाळावर हात मारला. "तिसरी गोष्ट! तांबं लावू नका म्हणला होता त्यो!"

शांतम्मांनी मुलाकडं असं पाहिलं की अप्पा गुळाच्या ढेपीमागं जाऊन उभे राहिले.

नेमकं तेव्हाच पोखर्णीचे दिनकरराव दारात उतरले. मोठी जमीन, मोठा फेटा, आणि त्यांचा सगळा कापूस अप्पांमार्फत विकला जायचा. एका हातात गोदावरीच्या पाण्याची तांब्याची कळशी, दुसऱ्या हातात मूठभर पैसे. त्यांनी मूठ माझ्यावर धरली आणि शांतम्मांनी त्यांचं मनगट पकडलं.

एव्हाना दारात लागलेली रांग माना उंच करून बघू लागली. अप्पा ढेपीमागून कुजबुजले, "अव्वा, आपला धंदा..."

"बाई, आमी तीर्थाला आलो, आन तुमी हात धरायलाय?" दिनकरराव तापले.

"धरलाय, आन सोडणार बी न्हाई!" शांतम्मा म्हणाल्या. आवाज आता जड नव्हता, थरथरत होता. "ह्ये तीर्थ न्हाई, दिनकरराव. ह्ये ह्या मुक्या जिवाचं घर हाय. तुमच्या पुण्यापायी त्यो मरायलाय. आन तुमाला काय बोलू, हितं पाटावर बसून मीच समद्यांना वाटीत होते. मला पाया पडून घ्यायची लय हौस आलती."

एवढं बोलून तिनं बांगड्या वर सारल्या, हात धुतला आणि कोपरापर्यंत माझ्यात घालून पैसे बाहेर काढू लागली. दिनकररावांनी वाकून जमादारकडं पाहिलं. मग त्यांनी कळशी बाहेर ठेवली.

"मग आता करायचं काय?"

"काय म्हंजी? आडाचं पाणी शेंदा! मातीच्या घागरीत!"

आणि पोखर्णीच्या दिनकररावांनी फेटा काढून जन्मात पहिल्यांदा आडाचा दोर ओढला. रांगेतली माणसं रांजण धुऊ लागली. दुकानातलं खडे मीठ त्या पाण्यात विरघळवलं, दिवसभर मुरू दिलं, फडक्यानं गाळलं आणि अत्तराची कुपी दोऱ्यापर्यंत बुडेल इतकं नेमकं केलं. मग माझ्यातलं थोडं जुनं पाणी काढायचं, थोडं नवं घालायचं, असं रोज चाललं. सगळं एकदम बदललं तर जीव बिचकतो, नव्या सुनेसारखा. मडक्यातला कोळसाही नवा घातला. पैसे चिंचेनं घासून दिनकररावांनी आपल्या गावच्या नरसिंहाच्या देवळात वाहिले आणि कापूस अप्पांकडेच ठेवला.

पुढच्या सोमवारी कुणी आलं नाही. नवं लुगडं घडीतच राहिलं. शांतम्मा एकट्याच माझ्यापुढं जमिनीवर बसल्या होत्या. जमादार अजून कोपऱ्यातच होता. त्यांनी हळूच एक बोट पाण्यात घातलं आणि म्हणाल्या, "बाबा रे, माझ्यावर राग धर, पर जाऊ नको."

जमादार हलला. एक गिरकी घेऊन वर आला आणि त्यानं त्या बोटाला कडकडून चावा घेतला.

"आई गं! चावलं की रे मेलं!" शांतम्मा ओरडल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे वाहू लागले. "उमे, ए उमे! पळ! शेवाळाचा दगूड आण! त्याला भूक लागलीय!"

जमादार त्यानंतर चांगली काही वर्षं जगला; तो म्हातारा होऊन गेल्यावरच माझ्यात पापड आले. मित्रांनो, माझ्यापुढं सगळी पंचक्रोशी हात जोडून गेली, पण त्या हातांनी माझ्यातला मासा जवळजवळ मारलाच होता. त्याला वाचवलं ते बांगड्या वर सारून पाण्यात घातलेल्या हातानं. तुम्ही कोणताही जीव पाळा, मासा पाळा नाहीतर शांतम्मा म्हणाल्या तशी म्हैस पाळा. आधी त्याचं पाणी बघा, मग त्याचं पोट बघा. एवढं करून वेळ उरला, तर खुशाल पाया पडा.