परातीतले सात किडे

"निघाली! निघाली!" असा ओरडा झाला आणि आमच्या सोसायटीच्या हॉलमधले दीडशे लोक एकदम उठून उभे राहिले. मागच्यांनी खुर्च्यांवर चढून मोबाइल उंच धरले. पुढे गाद्यांच्या बैठकीवर दंतनाथ महाराज बसले होते आणि त्यांच्या समोरच्या परातीत, पाण्यावर, पांढरे पांढरे वळलेले किडे तरंगत होते. मोजून नऊ.

"दाढेच्या आत पाताळ आहे," महाराज डोळे मिटून म्हणाले, "पाताळात कीड आहे. कीड रडते तेव्हा माणूस रडतो. आणि ही शुगर म्हणजे काय हो? कीड गोड खाते, रक्तात सांडते! कीड गेली, शुगर गेली. एकवीस दिवस डॉक्टर नको, गोळी नको, ब्रश नको. सकाळ-संध्याकाळ फक्त हे दंतभस्म लावा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी त्या भस्माची पुडी नाकाशी नेली. मशेरी होती. भाजलेल्या तंबाखूचा वास लपवायला भस्मात जरा जास्त कापूर लागतो.

मी शकु. शकुंतला फक्त आधार कार्डावर. घाटकोपरच्या भटवाडीत चाळी पाडून बांधलेल्या उंच इमारतीत आम्ही राहतो, आणि खाली नाक्यावर डॉ. धम्मपाल यांच्या दातांच्या दवाखान्यात मी अकरा वर्षं मदतनीस आहे. या अकरा वर्षांत मी हजारो तोंडं पाहिली. चहाने काळी झालेली पाहिली, गुटख्याने उघडेनाशी झालेली पाहिली. एकाही दाढेत किडा पाहिला नाही. दाढ किडते ती जंतूंनी, आणि जंतू असे परातीत पोहत नाहीत.

तरी मी त्या दिवशी गप्प बसले असते, कारण दर दोन वर्षांनी असा कोणीतरी येतोच. पण ते नऊ किडे जानकीकाकूच्या नावावर निघाले होते.

जानकीकाकू माझ्या समोरच्या दारातली. माझी मुलगी तिच्या मांडीवर वाढली. काकूला मधुमेह आहे, आणि गोळ्या वेळेवर घेऊनही तिची साखर तीनशेच्या खाली येत नव्हती. खालची उजवी दाढ हलत होती, हिरडीतून पू येत होता. डॉक्टरांनी औषध सुरू केलं होतं, तिच्या शुगरच्या डॉक्टरांशी बोलणं झालं होतं, आणि सोमवारी अकरा वाजता दाढ काढायची ठरली होती. सोमवारी अकरा वाजता खुर्ची रिकामी राहिली.

त्याआधी, रविवारीच, मी एक काम केलं होतं. परात बाजूला ठेवल्यावर केसातल्या पिनेने एक किडा उचलला आणि रुमालात बांधून आणला. सोमवारी डॉक्टरांनी तो भिंगाखाली धरला.

"शकु, याला डोकं नाही," ते म्हणाले. "पाय नाहीत, तोंडही नाही. तोंड नसलेला किडा दाढ कशाने खाईल? हा किडा नाहीच."

"मग काय आहे?"

"ते त्या माणसाच्या डबीत असेल. सगळं कसं करतो तो? नीट सांग."

मी सांगितलं. परातीत पाणी. पाण्यात वीट. विटेवर लालबुंद तापवलेला लोखंडाचा तुकडा. पितळी डबीतली चिमूटभर पूड तुपात कालवून त्यावर टाकायची. वरून मडकं पालथं घालायचं, मडक्याच्या बुडाला भोक, भोकात बांबूची नळी. नळीचं टोक माणसाने ओठात धरायचं, डोक्यावरून हिरवं कापड. धूर तोंडात जातो आणि किडे म्हणे नळीतून खाली पडतात. शेवटी दाढेला तेलाचा बोळा.

"तेल लवंगेचं असणार. नस तास-दोन तास बधिर होते. दुखणं थांबलं की लोकांना वाटतं बरं झालं. पू आहे तिथेच आहे." मग डॉक्टर थांबले. "तोंडात बघतो का तो?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आमच्याकडे आलेल्या माणसाला पहिला शब्द ऐकू येतो तो "आ करा". या बुवाने तासाभरात वीस जणांचे किडे काढले आणि एकाच्याही तोंडात डोकावला नाही.

"सर, तुम्ही रविवारी या. सगळ्यांसमोर विचारा त्याला."

"मी आलो तर म्हणतील, धंदा बुडतोय म्हणून डॉक्टर ओरडतोय. तू जा. मी दवाखाना उघडा ठेवतो. पण त्या बाईंना रविवारपर्यंत थांबवू नकोस."

मी रोज समोरच्या दारावर टकटक केली. काकूने औषधंही बंद केली होती. शनिवारी तिचा गाल सुजून जबड्याखाली उतरला होता, अंगात ताप होता, तोंड दोन बोटंही उघडत नव्हतं. सूज गळ्याकडे गेली तर श्वास कोंडतो, हे मी तिला हात जोडून सांगितलं. माझे डोळे भरून आले, तरी ती हलली नाही.

"नऊ गेले, राणी कीड आत ऱ्हवली हा. ती उद्या म्हाराज काढतत," ती दातांवर दात ठेवून म्हणाली. "मगे बघूया."

दाराबाहेर गुणाजीकाका उभे होते. तिचे यजमान. गिरणीत होते, आता पासष्टी ओलांडलेले, रोज इस्त्रीचा शर्ट, आणि हसले की पांढरेशुभ्र दात. त्या दातांचं गुपित इमारतीत तिघांनाच ठाऊक होतं. काकांना, काकूला आणि मला. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या कवळीचं माप घेताना साचा मीच धरला होता. वरची पूर्ण, खालची पूर्ण. स्वतःचा एक दात शिल्लक नाही.

मी त्यांना बाजूला घेऊन काय करायचं ते सांगितलं. ते एक पाऊल मागे सरले.

"नको गे शकु. माका लाज वाटता. आख्ख्या बिल्डिंगीत कोणाक म्हायत नाय."

"काका, काकूचा ताप बघा ना."

ते आत गेले. दार लावून घेतलं. मला वाटलं, झालं, वाट लागली.

रविवारी सकाळी हॉल मागच्यापेक्षा जास्त भरला होता. काकू पहिल्या रांगेत, गालाला पदर लावून. महाराजांनी नाव पुकारायच्या आत मागून गुणाजीकाका उठले आणि सरळ पुढे जाऊन बसले. इस्त्रीचा शर्ट होताच.

"म्हाराज, पयलो माझो नंबर. उजवी दाढ ठणकता."

महाराजांनी त्यांच्या गालावरून मोरपीस फिरवलं. "खालची उजवी. शेवटून दुसरी. आत सात आहेत. जुने आहेत, गिरणीतल्या कापसाबरोबर शिरलेत."

मडकं पालथं पडलं, नळी लागली, कापड आलं. काका धुरात खोकले. मडकं उचललं आणि पाण्यावर सात किडे. महाराज बरोबर सात म्हणाले होते. हॉल जयजयकाराने दणाणला.

त्या गोंगाटात काकू उठली. तिला नीट उभंही राहवत नव्हतं.

"म्हाराज, परत सांगा. खंयच्या दाढेतले?"

"माते, खालची उजवी."

"चाळीस वर्सां ह्येंच्यावांगडा ऱ्हवतंय मी," काकू म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "ह्येंच्या तोंडात दात नाय हत."

काकांनी मान खाली घातली, दोन्ही हात तोंडाशी नेले, आणि वरची कवळी, खालची कवळी, दोन्ही काढून परातीच्या काठावर ठेवल्या. त्यांचे गाल आत बसले, चेहरा एकदम म्हातारा झाला. पण मान त्यांनी वर केली.

"ही घे दाढ," ते बोबड्या आवाजात म्हणाले. "ह्या प्लास्टिकात किडो खंय ऱ्हवता ता दाखय. शिरा पडो तुझ्या तोंडार."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. महाराज सावरले. "पूर्वजन्मीच्या दातांची कीड..."

"मागच्या जन्मातले दात या जन्मातल्या नळीतून?" मी पुढे झाले. "थांबा. आता नळीला कुणीच नको."

सोसायटीचे सेक्रेटरी सुबोध मध्ये आले. त्यांनीच बुवाला बोलावलं होतं. "शकु, तू बस. तुम्ही लोक देव मानत नाही, ठीक आहे. आमच्या श्रद्धेत कशाला येता?"

"सुबोधदादा, देवाचं नाव मी घेतलेलंच नाही. मी मडक्याबद्दल बोलतेय. तुम्हीच टाका ना पूड. तुमच्या हाताने."

सगळा हॉल बघत होता. सुबोधना नाही म्हणता येईना. मी परातीतलं पाणी बदललं, लोखंड पुन्हा तापवलं. सुबोधनी पितळी डबीतली चिमूट तुपात कालवून त्यावर टाकली, मडकं पालथं घातलं. नळी वर हवेत. कुणाचं तोंड नाही, दाढ नाही, मंत्र नाही. तड तड असा बारीक आवाज येत राहिला. मडकं उचललं.

अकरा किडे.

"हे कोणाच्या दाढेतले?" मी विचारलं. "विटेच्या?"

मी डबी तळहातावर उपडी केली. नुसती पूड नव्हती, तिच्यात चपट्या पिवळट बिया मिसळलेल्या होत्या. गावाकडे बांधावर काटेरी रिंगणी उगवते, तिच्या फळातल्या. बी तापलं की फुटतं, आतला वळलेला कोंब बाहेर उडतो आणि पाण्यात पडून फुगतो. लांबून दिसतो अगदी अळीसारखा. सात म्हणायचं असेल तर बिया तेवढ्याच मोजून तुपात घालायच्या, एवढीच त्यातली सिद्धी. महाराज आणि त्यांचे चेले मागच्या दाराकडे बघत होते, पण दारात बायका उभ्या होत्या आणि त्यांच्या घरातही एकवीस दिवसांची पथ्यं चालू होती. त्यांतल्याच एकीने पोलिसांना फोन लावला, आणि पोलीस येईपर्यंत कुणी वाट दिली नाही.

मी ते बघायला थांबले नाही. काका तोंड झाकायचंही विसरून काकूला धरून जिना उतरत होते. नाक्यावरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पाहिलं आणि स्वतःच रिक्षात बसून तिला महापालिकेच्या रुग्णालयात नेलं. त्याच दुपारी जबड्याखाली चीर देऊन वाटीभर पू काढला. एक दिवस उशीर झाला असता तर श्वासनळीपर्यंत गेला असता, असं तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दाढ निघाली. पंधरवड्याने काकूची साखर एकशे साठ आली, त्याच गोळ्यांवर.

"तो बुवा खोटं बोलता बोलता अर्धं खरं बोलून गेला," डॉक्टर नंतर म्हणाले. "तोंडाचा आणि साखरेचा संबंध आहेच. साखर वाढली की हिरड्या सडतात, आणि हिरड्या सडत राहिल्या की साखर उतरत नाही. तो पू रक्तात भिनतो, हृदयालाही सोडत नाही. म्हणून तर दाढ वेळेवर दाखवायची."

सुबोध अजून माझ्याशी बोलत नाहीत. पाचव्या मजल्यावरची एक जण म्हणते की महाराज खरे होते, बियाच कुणीतरी बदलल्या. म्हणू दे. गुणाजीकाका मात्र आता दर रविवारी त्याच हॉलमध्ये परात, वीट आणि मडकं मांडून बसतात. आधी कवळी काढून टेबलावर ठेवतात, मग बिया टाकतात. पोरं किडे मोजतात, आणि काकू शेजारी बसून दोनदा दात घासायचे, मशेरी लावायची नाही, हे दटावून सांगते.

माझं तुम्हाला एवढंच सांगणं आहे. हिरडीतून रक्त आलं, दाढ हलली, तर दवाखान्यात जा. मधुमेह असेल तर काही दुखत नसलं तरी सहा महिन्यांनी दात दाखवा. आणि कुणी तुमच्या अंगातून किडे, खडे, खिळे, काहीही काढून दाखवायला लागला, तर घाबरू नका, पाया पडू नका. उठून बाजूला व्हा आणि म्हणा, आता मी नसताना काढून दाखव.