पाप दाखवणारा रुमाल

"लाल झाला! लाल झाला!"

मांडवातली माणसं बाकांवर चढली. दुकानदार ओकुमूच्या ओल्या तळहातावर ठेवलेला पांढराशुभ्र रुमाल आधी गुलाबी झाला, मग चांगला लालभडक. ओकुमू आपलाच हात शेजाऱ्याचा असल्यासारखा न्याहाळत होता.

"बंधू, तुम्ही हात आखडताय!" अपॉस्टल डॉक्टर एझ्रा ओग्वेनो माइकमध्ये गरजले. "देव मला दाखवतोय! दाता म्हणजे मासा. जाळं मी विणतो, हाक देव मारतो. आमेन म्हणा!"

"आमेन!" मांडव दणाणला. ओकुमूनं घाईघाईनं पाकीट टोपलीत रिकामं केलं.

मी मागे खांबाला टेकून बघत होतो. बेटावरच्या दवाखान्यात मी औषधं देतो, म्हणून सगळे मला डॉक्टर म्हणतात आणि मीही त्यांना अडवत नाही. हे अपॉस्टल, म्हणजे स्वतःला देवाचा प्रेषित म्हणवणारे, मात्र नेमके कशाचे डॉक्टर, ते त्यांच्या छापील कार्डावरसुद्धा नव्हतं. तिथं एवढंच होतं, की ते संस्थांना श्रद्धेच्या मार्गानं नेतृत्व करण्याचा आणि निधी जमवण्याचा सल्ला देतात.

आमच्या संस्थेचं काम एकच. अडलेल्या बायांना होडीतून सरोवरापलीकडे, होमा बेच्या मोठ्या दवाखान्यात पोचवायचं. होडीचं इंजिन कायमचं बंद पडलं होतं. नव्यासाठी मासे तळून विकले, शेळ्यांचे लिलाव केले, तरी थोडं कमी पडत होतं. म्हणून आज हरांबी होती, म्हणजे सगळ्या बेटाला जेवण आणि सगळ्या बेटाकडून वर्गणी. त्यासाठी आमचे चेअरमन ओलुओच यांनी नैरोबीहून हा सल्लागार आणला. त्याचा पहिलाच सल्ला असा: इंजिनाचे पैसे आधी माझ्या मिशनला बीज म्हणून द्या, मग परदेशी दाते धावत येतील आणि दहापट पीक उगवेल. चेअरमन भारावून गेले. जेवण झालं की चेक द्यायचा, असं ठरून गेलं होतं.

इंजिनाची खरी निकड होती आमच्या स्वयंपाकीण पेरेस मावशीला. तिच्या लेकीचे दिवस भरत आले होते, आणि वल्ही मारत पलीकडे जायचं म्हणजे अर्धा दिवस गेला. अशाच वल्ह्यांच्या होडीत दोन वर्षांपूर्वी मावशीची धाकटी सून बाळंतपणाला नेताना दगावली होती. तो चेक गेला, तर लेकीलाही वल्ह्यांवरच जावं लागणार होतं.

संस्थेच्या प्रमुख सिस्टर फेलिस्ता पुढच्या रांगेत जपमाळ घेऊन प्रत्येक रुमाल निरखत बसल्या होत्या. मठात जाण्याआधी त्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायच्या.

जेवणाआधी पाहुण्यांच्या हातावर पाणी घालायची आमच्याकडे रीतच आहे. आज ते काम अपॉस्टलच्या सेक्रेटरीबाईंनी हौसेनं मागून घेतलं होतं. त्यांच्या हातात पाण्याचे दोन जग होते. बड्या लोकांना पिवळ्या जगातलं पाणी, बाकीच्यांना निळ्या. मागोमाग अपॉस्टल, दर माणसाला नवा कोरा रुमाल. "धुतलेल्या हातावर पाप लपत नाही!" बडे सगळे लाल, गरीब सगळे पांढरे. गरिबांची करमणूक चालली होती. खोटं कशाला बोलू, ओकुमूची फजिती बघून मीही खूश होतो.

तेवढ्यात पेरेस मावशी चुलीपासून ओल्या हातानंच उठून आली. "माझाही हात बघा की, अपॉस्टल. इंजिनासाठी माझी शेळी दिलीय मी."

रुमाल लाल झाला. ओकुमूपेक्षा लाल.

अपॉस्टल क्षणभर चपापले, पण जीभ सरावाची होती. "बघा! एक शेळी दिली, दुसरी लपवली!"

"दुसरी कुठली हो? एकच तर होती!" मावशीला रडूच फुटलं. माझं डोकं फिरलं. मी पुढे निघालो, पण सिस्टर आधी उठल्या होत्या.

"मावशी, आत काय शिजवत होतीस?"

"अपोथची भाजी, सिस्टर."

"काय घातलंस त्यात?"

"मगादी. मगादीशिवाय अपोथ शिजतो होय?"

मगादी हा आमचा खारा सोडा, तो प्रत्येक चुलीपाशी असतो. सिस्टरनी माशासाठी चिरलेलं लिंबू उचललं आणि लाल रुमालावर पिळलं. रुमाल पांढरा झाला.

"अगं बाई, पाप गेलं!" कुणीतरी ओरडलं.

"लिंबानं गेलं," सिस्टर म्हणाल्या. "आता परत आणते. मावशी, मगादीचं पाणी आण. अपॉस्टल, हात पुढे करा. नेतृत्व करता ना? मग पहिला मान तुमचा."

"सिस्टर, देवाची परीक्षा घेऊ नका!"

"देवाची कुठं घेतेय? तुमच्या रुमालाची घेतेय."

"हात! हात!" मांडव ओरडायला लागला. अपॉस्टलनी हात पुढे केला. सिस्टरनी त्यावर पाणी घातलं, कोरा रुमाल ठेवला, आणि तो असा रंगला की पुढच्या रांगेतल्या बायांनी टाळ्या पिटल्या.

"तरीच!" ओकुमू बोटं चोळत म्हणाला. "पिवळ्या जगातलं पाणी हाताला बुळबुळीत लागत होतं. मला वाटलं, पवित्र पाणी असंच असेल!"

मग मी पुढे झालो. "रुमालाला फिनॉल्फ्थॅलिन नावाचं रसायन लावून वाळवलंय. सोडा लागला की लाल, आंबट लागलं की पांढरं. शाळेच्या प्रयोगशाळेत असतं. पूर्वी जुलाबाच्या गोळ्यांत घालायचे."

"म्हणजे डॉक्टर," ओकुमू म्हणाला, "माझं पाप जुलाबाच्या औषधानं बाहेर काढलं?"

लोक हसून हसून बाकांवरून पडायचे बाकी राहिले.

चेअरमन तेवढे हसले नाहीत. "सिस्टर, तुम्ही देवाच्या बाई. चमत्कार मोडलात?"

"ओलुओच, हे काम मला देवानं दिलंय असं मी मानते. म्हणून तर ते डोकं ठेवून करते. प्रार्थनेनं मला पहाटे उठायचं बळ मिळतं. इंजिनाची किंमत मात्र दुकानातच विचारावी लागते. आणि भर मांडवात गरिबाची अब्रू काढून वर्गणी गोळा करायची, हा सल्ला देव कुणाला देईल?"

त्यांनी टोपली उलटी केली. "ज्यांनी लाजेखातर दिले असतील त्यांनी आपापले उचलून न्या."

मग त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं, इंजिन कुठून घेणार, होडी कोण चालवणार, अजून किती लागणार. माणसं ऐकत होती. ओकुमूनं आपल्या नोटा उचलल्या, खिशात घातल्या, आणि पुन्हा काढून टोपलीत ठेवल्या. "आता मी देतोय," तो म्हणाला. "मघाशी माझ्याकडून काढले होते."

चेक काही अपॉस्टलना मिळाला नाही, आणि पळायला होडी संध्याकाळीच होती. तोवर ते कोपऱ्यात बसून राहिले. पेरेस मावशीनं त्यांनाही ताट वाढलं, अपोथ जरा जास्तच.

इंजिन आलं, आणि तिच्या लेकीला वेळेत पलीकडे नेलं. मुलगी झाली, बाळ-बाळंतीण सुखरूप. मावशीनं देवाचे आभार मानले, मग मेकॅनिकचे, मग सगळ्यांचे.

वाचकहो, श्रद्धा ज्याची त्यानं खुशाल ठेवावी. पण कुणी तुमच्या मनातलं पाप कापडावर दाखवायला आला, तर लाजून पाकीट काढू नका. मान वर करा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारा, "बाबा, हे कापड कशात बुडवलंस?"