शनिवारी विचारायचं, सोमवारी घ्यायचं

स्क्रू पिळताना कसं वाटतं, ते मला विचारू नका. मला माहीत नाही. मी एक जुना स्क्रूड्रायव्हर आहे, मित्रांनो, पण माझं लोखंडी टोक आजवर एकाही स्क्रूला लागलेलं नाही. माझं सगळं आयुष्य मुठीवर गेलं.

ही मूठ लाकडाची आहे. कोरेगावच्या एका सुतारानं ती फुटलेल्या धनगरी ढोलाच्या लाकडातून घडवली. तो ढोल बिरोबाच्या देवळात वाजायचा म्हणे. त्यामुळे असेल, आवाजातलं मला लहानपणापासून कळतं. त्याच लाकडाचं एक लाटणंही झालं होतं. ते कोणाच्या घरी गेलं, ठाऊक नाही. त्या घरच्या चपात्यांची मला अधूनमधून काळजी वाटते.

तिथून मी सांगलीला आलो, वर्कशॉपची हत्यारं विकणाऱ्या एका दुकानात. काउंटरवर बाळासो नावाचे विक्रेते होते. त्यांनी मला पहिल्याच दिवशी उलटं धरलं आणि शेवटपर्यंत उलटंच धरलं.

त्याचं कारण सांगतो. धार लावायच्या ग्राइंडरला एक दगडी चाक असतं. ते भयंकर वेगानं फिरतं. त्याच्या आत बारीक तडा असला, तर फिरता फिरता ते फुटतं आणि तुकडे समोरच्याच्या तोंडावर जातात. हा तडा डोळ्यांना दिसत नाही. तो ऐकावा लागतो. बाळासो चाक एका बोटात अडकवून लोंबतं धरायचे आणि माझ्या मुठीनं हळूच ठोकायचे. अखंड चाक टण्ण वाजायचं. तडकलेलं थद वाजायचं, ओल्या भिंतीवर थाप मारावी तसं. थद वाजलेलं चाक बाळासो कंपनीला परत पाठवायचे. चाकाला ते दुसऱ्यांदा कधी विचारत नसत.

आपल्याकडे शनिवारी लोखंड विकत घेत नाहीत, हे तुम्हाला माहीत असेलच. त्यामुळे शनिवारी बाजारहाटाला आलेली माणसं आमच्या दुकानात फक्त विचारायला यायची. त्या दिवशी काही विकायचंच नसल्यामुळे बाळासो पूर्ण खरं बोलायचे. म्हणजे अपमान करायचे. कोणी मोठं मशीन दाखवा म्हटलं, की म्हणायचे, "तुझं काम कानशीनं हुतंय. मशिनीची हौस आसंल तर जत्रंत पाळण्यात बस जा." गिऱ्हाईक तणतणत निघून जाई आणि सोमवारी येऊन मुकाट्यानं कानस घेई. शनिवारी विचारायचं, सोमवारी घ्यायचं, अशी रीतच पडली होती. त्या काळात माझं फार कौतुक झालं. लोक मला हातात घेऊन बघायचे आणि अदबीनं परत ठेवायचे.

पण ठोकायची सवय लागली की सुटत नाही. बाळासो चहाचा कप ठोकायचे, काउंटर ठोकायचे. पुढे पुढे माणसं ठोकू लागले. ओळखीचं कोणी आलं की बोलता बोलता माझी मूठ त्याच्या गळ्याखालच्या हाडावर टेकवायचे. माणसंही वाजतात, मित्रांनो. बहुतेक टण्ण वाजतात. बाळासो मान डोलवायचे. एका दुपारी त्यांनी स्वतःला ठोकलं.

थद.

त्यांनी चहा संपवला, मला फडक्यानं पुसलं आणि मालकांना सांगितलं, की दुसरा माणूस बघून ठेवा. त्यांना स्मशानात पोचवायला सगळी पेठ गेली होती. मला कोणी नेलं नाही.

पुढे मालकही थकले आणि त्यांचा पुतण्या जयराज दुकान बघू लागला. जयराजचा एकच नियम होता. गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही. काउंटरवर त्यानं सौमित्र नावाचा तरुण ठेवला. सौमित्र स्वभावानं गोड होता. काहीही विचारलं तरी तो मोबाइलात बघून उत्तर द्यायचा, आणि मोबाइलला रेंज नसली की म्हणायचा, चालतंय की. आमच्या दुकानात रेंज कधीच नसते. मी मात्र रंगाचा डबा ढवळायच्या कामाला लागलो. तेही मुठीकडूनच. मुठीवर हिरवा रंग वाळला आणि मला कमी ऐकू येऊ लागलं.

तरीसुद्धा तो आवाज मला आला.

दुपारी एक ते चार सांगलीची दुकानं झोपतात. आमचंही शटर अर्धं खाली असायचं. जयराज गादीवर आडवा, सौमित्र डबा खात बसलेला. अशा एका दुपारी चाकांच्या कपाटातून आवाज सुरू झाला. टण्ण. टण्ण. टण्ण. वरच्या फळीपासून खाली, एकेक चाक, मध्ये थोडं थांबून, कोणीतरी ऐकत असल्यासारखं. शेवटच्या फळीवर एकदा थद. मग शांत. तो मी नव्हतो, हे स्पष्ट करतो. मी रंगाच्या डब्यात होतो.

जयराज म्हणाला, उंदीर आहे. सौमित्रला तो उंदीर फारच शिस्तीचा वाटला. त्यांनी पिंजऱ्यात कांदाभजी ठेवली. भजी तशीच राहिली, आवाजही राहिला. रोज दुपारी, रोज त्याच क्रमानं. थद नेहमी एकाच खोक्यातून यायचं. त्या खोक्यातलं चाक पूर्वी एकदा शिडीवरून पडलं होतं आणि जयराजनं धूळ झटकून ते परत आत ठेवलं होतं. हळूहळू दोघांना सवय झाली. आवाज संपला की सौमित्र डबा धुवायला उठायचा.

अशाच एका शनिवारी दुपारी अर्ध्या शटरखालून वाकून मंगल आत आली. ती कवठे महांकाळकडची. मेंढरांची लोकर कातरायच्या कात्र्यांना ती धार लावून देते. पूर्वी हे काम तिचे दीर भाऊसो करायचे. कोणीतरी चालतंय म्हणून दिलेलं चाक फुटलं आणि भाऊसोंचा डावा डोळा गेला. तेव्हापासून मशीनपुढे मंगल वाकते. तिनं आधी बाळासोंना विचारलं. ते आता नाहीत कळल्यावर तिनं काउंटरला हात लावून नमस्कार केला. मग म्हणाली, मशीनसाठी चाक बघायला आलेय, आज नुसतं विचारते, घ्यायला सोमवारी येईन.

जयराज गादीवरून उठला. "आवं ताई, शनिवार लोखंडाचा. चाक दगडाचं हाय. दगडाला कुठला वार आलाय?"

सौमित्रनं हाताला आलं ते खोकं काउंटरवर ठेवलं. मंगलनं विचारलं, हे चांगलं आहे का. सौमित्रनं मोबाइल वर धरला, खाली धरला. "चालतंय की मावशी."

"चालतंय ते ठावं हाय मला. फुटत न्हाई न्हवं, ते सांग. माजं तोंड आसतंय त्याच्याम्होरं."

तेवढ्यात कपाटात सुरुवात झाली. टण्ण, टण्ण, टण्ण. तिघंही ऐकत राहिले. आणि शेवटचं थद काउंटरवरच्या बंद खोक्यातून आलं.

"आत कोन बसलंय?" मंगलनं विचारलं.

जयराज म्हणाला, उंदीर. तिनं खोकं उघडून दाखवलं. आत फक्त चाक होतं. ते तिनं बोटात अडकवलं आणि लाकडी मुठीचं काहीतरी मागितलं. सौमित्रनं मला रंगातून उपसून दिलं. तिनं ठोकलं. थद.

जयराजनं रंगाला दोष दिला. मुठीवर एवढा थर असल्यावर काय वाजणार? सौमित्रनं पॉलिश पेपर घेऊन माझा रंग खरवडला. किती दिवसांनी मला वारा लागला. तिनं पुन्हा ठोकलं. पुन्हा थद. मग जयराज म्हणाला, की लाकूडच कुजलंय. सगळ्यालाच ते थद म्हणणार. त्यानं शर्टाचं वरचं बटण काढलं. "मला ठोक बघू, सौमित्र. मी तर पैलवान माणूस हाय."

सौमित्रनं माझी मूठ त्याच्या गळ्याखाली ठोकली.

थद.

सौमित्रनं स्वतःला ठोकून बघितलं. टण्ण. मंगलनं त्याच्या हातून मला घेतलं आणि स्वतःला ठोकलं. टण्ण. पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज येत नव्हता.

आता गोष्ट अशी अडली होती, मित्रांनो. लाकूड कुजलेलं असतं, तर चाकही चांगलं ठरलं असतं आणि जयराजही; पण कुजलेलं लाकूड दोनदा टण्ण म्हणत नाही. चाक तडकलेलं असेल, तर दोघांचंही अवघड होतं. जयराजनं चाक कागदात गुंडाळायला घेतलं. तो फार व्यवस्थित घड्या घालत होता. "चांगलं हाय. घिऊन जावा," तो म्हणाला, मंगलकडे न बघता.

मंगल सौमित्रकडे वळली. "तुजी आय वाकनार आसती मशिनीवर, तर तिला दिलं आसतंस?"

सौमित्रनं मोबाइलकडे पाहिलं. मग तो काउंटरवर पालथा ठेवला. "नाही, मावशी. हे घेऊ नका."

मला वाटलं, आता त्याची नोकरी गेली. जयराज तसाच उभा राहिला. मग त्यानं सगळ्या घड्या उलट क्रमानं उलगडल्या, हातोडी घेतली, चाक फरशीवर ठेवलं आणि एकच घाव घातला. चाक निमूटपणे दोन तुकड्यांत उघडलं, जणू कित्येक दिवस वाट बघत होतं. जयराजनं शर्टाचं बटण लावलं. त्याचा जन्म सांगलीत गेला, पण मिरजेच्या दवाखान्यात कसं जायचं, ते त्यानं सौमित्रला विचारलं. सौमित्रनं शटर ओढलं आणि त्याला गाडीवर मागे बसवून नेलं. मंगलनं बाहेरून कडी नीट लागली का, ते बघितलं.

सोमवारी ती परत आली. सौमित्रनं तिच्यासमोर कपाटातली चाकं एकेक करून ठोकली आणि टण्ण वाजलेलं एक दिलं. मशीनचा वेग विचारून घेतला, चाकावरचा वेग वाचून दाखवला. पहिल्यांदा फिरवताना बाजूला उभ्या राहा, असंही सांगितलं. मंगलचे दोन्ही डोळे आज शाबूत आहेत.

जयराज बऱ्याच दिवसांनी आला. छातीतली एक मोठी नस फुगली होती, डॉक्टरांनी ती वेळेत शिवली. तो सुकला होता. त्यानं आल्या आल्या मला उचललं, मुठीकडून गळ्याखाली नेलं, मग थांबला आणि सौमित्रच्या हातात दिलं. "तू ऐक. आन खरं सांग."

सौमित्रनं ठोकलं, डोळे मिटून ऐकलं, जरा सरकवून पुन्हा ठोकलं. "टण्ण वाजताय, मालक. एक जागा सोडून."

कुठली, ते त्यानं बोट ठेवून दाखवलं. जयराजनं मान हलवली. तेव्हापासून तो ती बाजू भिंतीकडे करून बसतो, आणि महिन्यातून एकदा मिरजेला जातो.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या हत्यारांची मूठ कोरडी ठेवा, रंगात बुडवू नका. नवीन हत्यार घ्यायला जाल, तेव्हा काउंटरवरच्या माणसाला निवांत विचारा, आणि त्याला नाही म्हणता येतं का, ते आधी बघा. शक्यतो दुपारी जा. कपाटाकडे कान द्या. आत कोणी नसताना आवाज आला तर घाबरू नका. थद म्हणेल तेवढं चाक मात्र घेऊ नका.